होडीचं इंजिन चालू होत नाही, तेव्हा

आम्ही उंब्रजहून बचत गटाच्या समन्वयक बोलतोय. आज हप्त्यांचा हिशोब नाही, पापड-शेवयांचा विषय नाही आणि नवी योजनाही नाही. आज आपण इंजिनाबद्दल बोलणार आहोत. होडीचं डिझेल इंजिन चालू होईना, तर काय बघायचं, कुठल्या क्रमानं बघायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे सांगणार आहोत.

काही जणी म्हणतील, "ताई, हे गडीमाणसांचं काम. आम्हाला काय करायचंय?" आम्हीही असंच म्हणायचो. मग एका संध्याकाळी आमचे डोळे उघडले.

आम्ही चौघी जणी गटाच्या बैठकीला कोयनेच्या जलाशयापलीकडं गेलो होतो. कोयना धरणाच्या या पाण्याला शिवसागर म्हणतात. बामणोली, तापोळा या बाजूला कितीतरी वाड्या अशा आहेत, की पलीकडं जायला लाँच हाच जवळचा रस्ता. बैठक आटोपली, दिवस कलायला लागला आणि आम्ही लाँचमध्ये येऊन बसलो. आमच्याबरोबर त्या वाडीतली एक लेकुरवाळी होती. तिच्या बाळाला दोन दिवस ताप होता आणि त्याला साताऱ्याला दवाखान्यात न्यायचं होतं.

नावाडीदादांनी सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा मारला, पुन्हा तेच. दहा-बारा वेळा मारल्यावर सेल्फचा आवाज बसत बसत गेला आणि बॅटरी संपली. मग हँडल काढलं. दोन गड्यांनी आळीपाळीनं हँडल मारलं, दोघांचे दंड भरून आले, घाम निथळला, इंजिन मात्र ढिम्म. कुणी म्हणालं नोझल गेलं, कुणी म्हणालं पंप गेला. बाळ रडून रडून गप्प झालं होतं, आणि त्याचं ते गप्प होणं आम्हाला जास्त घाबरवत होतं.

धक्क्यावर एक आजी बसल्या होत्या. त्यांच्या शेतावर पूर्वी पाण्याचं इंजिन होतं. त्या तिथूनच म्हणाल्या, "अरे बाबा, बंद करायचा दांडा आत ढकललास का?"

दादांनी वाकून बघितलं. दुपारी इंजिन बंद करताना ओढलेला दांडा तसाच बाहेर होता. तो ओढलेला असला की पंपातून डिझेल पुढं जातच नाही. दांडा आत ढकलला, दोनदा हँडल मारलं आणि इंजिन धडधडायला लागलं. तासभर गेला होता, बॅटरी गेली होती, आणि बिघाड काहीच नव्हता. बाळ रात्री उशिरा दवाखान्यात पोचलं आणि सुखरूप बरं झालं. पण परत येताना आम्ही चौघी एकच बोलत होतो: जे आजींना माहीत होतं, ते आपल्याला का माहीत नसावं?

त्यानंतर आम्ही उंब्रजला पाण्याची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीदादांकडं चार रविवार बसलो. त्यांनी आमच्याकडून हवा काढून घेतली, फिल्टर बदलून घेतला. आज सांगतोय ते तिथं हातानं केलेलं आहे.

हे आपल्या कामाचं का?

आपलं उंब्रज कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावर. नदीकाठची शेती म्हटली की इंजिन आलंच. वीज नसली की पाणी ओढायला डिझेल इंजिन लागतं. त्याच जातीचं इंजिन होडीत बसवलं की पाणी ओढायच्या पंपाऐवजी होडीचा पंखा फिरवतं. म्हणजे आज सांगतोय त्यातलं निम्म्याहून जास्त शेतावरच्या इंजिनालाही लागू आहे.

दुसरं कारण पुराचं. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण विसरलेलो नाही. पुरात होडी लागते आणि होडीत सगळ्यात आधी बायका, लेकरं आणि म्हातारी माणसं बसतात. ज्या होडीत आपण लेकरू घेऊन बसणार, तिचं इंजिन पावसाळ्याआधी कुणी चालू करून बघितलं का, हे विचारायचा हक्क आपला आहे. विचारायला मात्र थोडं कळावं लागतं.

आणि यंत्राचं आपल्याकडं काही नवल नाही. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत १९१० साली नांगराचा कारखाना सुरू झाला, पुढं तिथं पंपही होऊ लागले. त्याच किर्लोस्करवाडीतून १९३० साली बायकांसाठी 'स्त्री' मासिक सुरू झालं. एकाच माळावर पंपही तयार होत होते आणि बायकांचं मासिकही छापलं जात होतं. मग बायकांच्या मासिकात इंजिनाची गोष्ट आली तर बिघडलं कुठं?

इंजिनाला काय लागतं?

पेट्रोलच्या गाडीत ठिणगी देणारा प्लग असतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाची नळी गरम होते, हे आपण सगळ्यांनी हातानं अनुभवलंय. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिन हेच करतं, पण फार जोरात. सोळा ते वीस वाट्या हवा एका वाटीत मावेल इतकी ती दाबायची. ती हवा पाचशे अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा गेला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरनं असं चालणारं इंजिन १८९७ साली करून दाखवलं. त्याचंच नाव इंजिनाला आणि तेलालाही मिळालं.

म्हणजे इंजिनाला चार गोष्टी लागतात: हवा, हवेवर दाब, वेळेवर डिझेल आणि फिरण्याचा वेग. चूल पेटत नसेल तर आपण काय बघतो? लाकूड ओलं आहे का, वारा लागतोय का, काडी नीट ओढली का. इथंही तसंच. या चारपैकी काय कमी पडतंय, ते शोधायचं. सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून करायची आणि खर्चाच्या गोष्टी शेवटी बघायच्या.

हात लावण्याआधी

होडी काठाला घट्ट बांधा. माणसं काठावर उतरवा. पाण्याच्या मध्यावर इंजिन बंद पडलं, तर आधी नांगर टाका, इंजिन मागाहून बघा. कृष्णेवर बंधारे आहेत. इंजिनात डोकं घालून बसलात तर होडी वाहत कुठं जाईल ते कळणार नाही. वल्ही कायम होडीत हवीत.

पदर खोचून घ्या, वेणी बांधा, ओढणी काढून ठेवा, हातातल्या बांगड्या मागं सरकवून वर कापड बांधा. इंजिनाचं जाड चाक आणि पट्टा कुणाची गय करत नाहीत. जवळ विडी-सिगारेट नको.

पहिली पाच मिनिटं: डोळ्यांनी बघायचं

एक, बंद करायचा दांडा किंवा खटका चालूच्या जागी आहे का?

दोन, टाकीत डिझेल आहे का? काट्यावर विश्वास ठेवू नका. स्वच्छ काठी बुडवून बघा. होडी एका अंगाला कललेली असेल तर थोडं डिझेल असूनही नळीपर्यंत पोचत नाही.

तीन, डिझेलचा कॉक उघडा आहे का? रात्री कुणीतरी चोरीच्या भीतीनं बंद केलेला असतो.

चार, गिअर मधल्या जागी, म्हणजे न्यूट्रलला आहे का? काही होड्यांत गिअर टाकलेला असला की सेल्फ लागतच नाही.

पाच, पंख्यात जलपर्णी, दोरी किंवा जाळ्याचा तुकडा अडकलाय का?

मिस्त्रीदादा सांगतात, त्यांना लांबून बोलावलं जातं आणि कित्येकदा या पाचातलंच काहीतरी निघतं. आमच्या लाँचचंही पहिल्याच प्रश्नाला उत्तर मिळालं असतं.

मग कान द्या: इंजिन फिरतंय का?

सेल्फ मारल्यावर काहीच आवाज नाही किंवा नुसता 'टक्' झाला, तर डिझेलकडं बघूच नका. दोष विजेचा आहे. होडीतला दिवा लावा आणि सेल्फ मारा. दिवा एकदम मंदावला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी सैल आहे. दिवा तसाच लख्ख राहिला, तर सेल्फपर्यंत वीज पोचतच नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी धरली असेल, तर तारा सोडवून टोकं घासून घ्या आणि घट्ट आवळा. सोडवताना आधी वजा खुणेची तार आणि जोडताना ती शेवटी, एवढं लक्षात ठेवा. मीटर असेल तर बघा: भरलेली बारा व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना १२.६ च्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना आकडा १० च्या खाली जात असेल, तर बॅटरीत दम नाही.

इंजिन अगदी हळू, कण्हत कण्हत फिरत असेल तर हवा पुरेशी तापत नाही. डिझेल पोचूनही पेटत नाही. इथंही आधी बॅटरीच बघायची.

आणि इंजिन अजिबात फिरत नसेल, हातानंही हलत नसेल, तर थांबा. जोर लावू नका. आत पाणी शिरलेलं असू शकतं. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. जोर केला तर आतला दांडा वाकतो आणि शेकड्यांचं काम हजारांवर जातं. इथं मिस्त्रीच हवा.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये मिनिटभर तरी थांबा. ज्या होड्यांचं थंड करायचं पाणी सायलेन्सरमधून बाहेर पडतं, तिथं आणखी एक धोका आहे. सेल्फ मारताना पंप पाणी ओढत राहतो, पण इंजिन पेटलेलं नसल्यामुळं ते बाहेर फेकायला जोर नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं इंजिनात शिरतं. म्हणून तीन-चारदा सेल्फ मारून झालं नाही, तर बाहेरचं पाणी आत घेणारा कॉक बंद करा. इंजिन चालू होताच तो लगेच उघडा, विसरू नका.

मग धूर बघा

इंजिन चांगलं फिरतंय पण पेटत नाही, तर एकीनं सायलेन्सरच्या तोंडाकडं बघावं.

धूर अजिबात नाही: डिझेल पोचतच नाही. टाकी, कॉक, फिल्टर, नळी तपासा किंवा नळीत एअर धरली आहे असं समजा.

पांढरा धूर, डिझेलचा वास: डिझेल पोचतंय पण पेटत नाही. इंजिन गार आहे, हळू फिरतंय, दाब कमी आहे किंवा डिझेलमध्ये पाणी आहे.

काळा धूर: डिझेल आहे पण हवा कमी. हवेचा फिल्टर काढून बघा. बरेच दिवस बंद इंजिनात उंदराचं घरटं नाहीतर गांधीलमाशीचं पोळं निघतं. कुणी झाकण म्हणून कोंबलेली चिंधीही निघते.

एअर काढायची कशी?

टाकी एकदा रिकामी झाली किंवा फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते. मिस्त्री म्हणतात, इंजिनानं एअर धरली. डिझेल दाबलं की पुढं सरकतं. हवेचा बुडबुडा मात्र दाबला की आक्रसतो, सोडला की फुगतो, पुढं जात नाही. पंप मेहनत करतो आणि नोझल उघडतच नाही.

काढायची रीत अशी. टाकी भरा, कॉक उघडा, खाली डबा ठेवा. फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू दोन-तीन आटे सैल करा. हातानं चालवायचा छोटा पंप असेल तर तो दाबत राहा. टाकी उंचावर असेल तर डिझेल आपोआप येईल. आधी फेस येतो, बुडबुडे येतात, मग सलग धार लागते. धार लागली की स्क्रू आवळा. हेच पुढं डिझेलच्या पंपावरच्या स्क्रूला करा. शेवटी नोझलला जाणाऱ्या लोखंडी नळीचं नट अर्धा आटा सैल करून त्यावर चिंधी धरा आणि दुसरीला इंजिन फिरवायला सांगा. डिझेल उसळून यायला लागलं की नट आवळा आणि सेल्फ मारा.

इथं एक कडक सूचना. फवारा येतोय का हे बोटानं कधीही बघू नका. नोझलचा फवारा इतक्या जोराचा असतो, की तो कातडीतून आत घुसतो. बाहेरून सुई टोचल्यासारखं दिसतं, पण हात गमावण्याची पाळी येते. असं झालं तर दुखत नसलं तरी ताबडतोब दवाखाना गाठा.

एअर काढून पुन्हा पुन्हा धरत असेल, तर टाकीपासून पंपापर्यंतची नळी तपासा. टाकी खाली आणि पंप वर असेल, तर चिरलेली नळी बाहेर डिझेल गळू देत नाही, पण आत हवा ओढते. गळत नाही म्हणजे नळी चांगली, असं समजू नका.

डिझेलमधलं पाणी

होडीच्या इंजिनाचा हा नेहमीचा वैरी. अर्धी टाकी पावसाळाभर उभी राहिली, की आतल्या हवेतला ओलावा थेंब होऊन खाली जातो. टोपणाचा वायसर फाटला असेल तर पाऊसच आत जातो. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं आणि नळी बहुतेक तळाजवळूनच निघते. डिझेल आणि पाणी जिथं भेटतात, तिथं काळपट बुळबुळीत गाळही धरतो आणि तो फिल्टर बुजवतो.

तपासणी सोपी आहे. फिल्टरच्या तळातून थोडं डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. दोन थर दिसले तर खालचा थर पाण्याचा. स्वच्छ डिझेल येईपर्यंत तळातून काढत राहा, मग फिल्टर बदला आणि एअर काढा. पावसाळ्याआधी टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे आत ओली हवा राहायला जागाच उरत नाही.

हँडल मारताना

हँडलच्या इंजिनाला दाब सोडायचा एक खटका असतो. तो उचला, इंजिन हलकं फिरेल. चांगला वेग आला की खटका पाडा. वेगच काम करतो, नुसती ताकद नाही. अंगठा हँडलभोवती गुंडाळू नका, चार बोटांच्याच बाजूला ठेवा. हँडल उलटं झटकलं तर अंगठा आणि मनगट मोडतं.

हँडलवरून दाबही कळतो. खटका पाडून हळू फिरवलं, तर दर दोन फेऱ्यांनी एकदा जड जायला हवं. कुठंच जड जात नसेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंग गेली आहे. ते काम मिस्त्रीचं.

आणि हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरणं, कसले तरी स्प्रे मारणं, हे प्रकार करू नका, करूही देऊ नका. होडीत आग लागली तर पळायला जागा नसते.

पुरातल्या रबरी होड्यांना मागं लावलेलं इंजिन बहुधा पेट्रोलचं असतं. त्याला ठिणगीचा प्लग असतो आणि चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची एक दोरी असते. त्या दोरीची क्लिप जागेवर नसेल तर ते चालू होत नाही. तिथं पहिला प्रश्न दोरीचा.

इंजिनाची वही

आपण गटाची वही किती नीट ठेवतो. दहा रुपयांची नोंदही चुकत नाही. तशीच इंजिनाची एक वही ठेवायची. आठवड्यातून एकदा होडी पाण्यात असताना इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालवायचं आणि तारीख लिहायची. ऑईल बघितलं, डिझेल भरलं, फिल्टर बदलला, बॅटरी भरली, तेही लिहायचं. बिघाड झाला तर आधी काय बघितलं आणि कशानं चालू झालं, ते लिहायचं. नदीकाठच्या गटांना आमची विनंती आहे, की गावाला होडी असेल तर मे महिन्याच्या ग्रामसभेत उठून विचारा: इंजिन शेवटचं कधी चालवलं, आणि चालू करून दाखवाल का?

शेवटचं एक. इंजिन चालू झालं म्हणजे होडी सुरक्षित झाली असं नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी होडी उलटली. होडीत माणसं जास्त झाली होती. गेलेल्यांत बायका आणि लेकरं होती. म्हणून होडीवर जितक्या माणसांचा आकडा लिहिलाय, तितकीच बसवा. प्रत्येकाच्या अंगात जॅकेट हवं. पुरात काठ सोडण्याआधी इंजिन बांधलेल्या होडीतच दहा मिनिटं चालवून बघा. बंद पडायचंच असेल तर ते काठावर पडू दे.

पुढच्या वेळी कुणी सेल्फवर सेल्फ मारत बसलं, तर आजींसारखं काठावरून विचारा, "अरे बाबा, दांडा आत ढकललास का?" हसतील कदाचित. पण वाकून बघतील.